ल्युसिलचे धुतलेले खेळाडू

आमच्या ओहायोतल्या गावात ल्युसिल ओब्रिंगरइतकी स्वच्छ बाई झाली नाही, आणि त्या स्वच्छतेचा जाच आम्हा शेजाऱ्यांइतका कुणाला झाला नाही. ती कोळशाची बादलीसुद्धा घासून ठेवायची. घासायची राहिली फक्त नवऱ्याची टोपी. डेलबर्ट ती झोपतानाही उशीखाली घ्यायचा.

पंचावन्न साली ल्युसिल गावच्या सॉसेज कारखान्यात पाकिटं भरायची. प्रत्येक पाकिटात सॉसेजला चिकटून बेसबॉलच्या एका खेळाडूचं कार्ड. असे पंचवीस खेळाडू. चरबीत आणि खारट पाण्यात भिजलेली ती कार्डं घरोघर पोचायची तेलकट डाग घेऊनच. मग पोरं ती सायकलच्या चाकात अडकवून फटफट वाजवणार. आज एखादं सापडलंच तर पिवळं, कुबट, कोपरे झिजलेलं.

ल्युसिलकडची चोवीस मात्र पांढरीशुभ्र. "पहिल्यापासून अशीच आहेत," असं ती मान ताठ करून सांगायची. मला खरं ठाऊक होतं. साबणाच्या फेसात बुचकळून, फडक्याखाली घालून तिने त्यांना इस्त्री केली होती, आणि इस्त्री आमच्या घरची होती! पण बोलायची सोय नव्हती. पंचविसावं, म्हणजे नऊ नंबरचं कार्ड मीच ढापलं, असा बाईंचा तीस वर्षांचा संशय.

सत्त्याऐंशी साली ही कार्डं मांडायला ग्रंथालयात तिच्या नावाचं काचेचं कपाट ठेवायचं ठरलं. आधी क्लीव्हलंडहून गॅरेटसन नावाचे जाणकार कार्डं तपासायला आले. डोनट खायच्या निमित्ताने अर्धं गाव जमलं.

गॅरेटसननी पहिलं कार्ड हुंगलं. दुसरं हुंगलं. भिंग काढलं.

"बाई, डाग कुठे आहेत?"

"माझ्या घरात डाग नसतात."

"अहो, या कार्डांचा डागाशिवाय जन्मच नाही. तकाकी नाही, वास नाही. ही कुणीतरी अलीकडे छापलीत."

"म्हणजे मी खोटारडी?"

"कार्डं खोटी आहेत. तसं मला लिहून द्यावं लागेल."

त्यांनी पेनाचं टोपण काढलं. चघळणारी तोंडं थांबली. ल्युसिलने 'मी धुतली' एवढं म्हटलं असतं तर काम झालं असतं. पण तीस वर्षं ताठ ठेवलेली मान! तिचे फक्त कान लाल झाले. मी डेलबर्टकडे पाहिलं. गड्याचा हात टोपीकडे जायचा आणि परत यायचा. गॅरेटसननी तारीख लिहिली. मग तिचं नाव लिहायला घेतलं.

"थांबा साहेब."

डेलबर्टने टोपी काढली. टक्कल आम्ही प्रथमच पाहत होतो, पण हसलं कुणी नाही. टोपीच्या आतल्या पट्टीतून त्याने मेणकागदाची पुडी ओढली. नऊ नंबर! तेलकट, पिवळं, आणि खेळाडूच्या छातीवर मोहरीच्या सॉसने उमटलेला अंगठा.

"डेल!"

"तू धुतलं असतंस, लू."

"धुतलं असतंच! बाकीची नाही का मी…"

तिने जीभ चावली. उशीर झाला होता.

"बाकीची काय, बाई?" गॅरेटसननी विचारलं.

ल्युसिलने आधी छताकडे पाहिलं, मग पेनाकडे. "धुतली. साबणाने. वर इस्त्रीही केली."

गॅरेटसननी नऊच्या शेजारी दहा नंबर ठेवलं. छापखान्याच्या पत्र्यावरचा एक बारीक ओरखडा नऊमधून निघून सरळ दहामध्ये शिरत होता, म्हणजे दोन्ही एकाच मोठ्या कागदावर शेजारी छापलेली. त्यांनी कागद टराटरा फाडला. "खरी आहेत. पण बाई, चोवीस मारलीत तुम्ही. हे एकच जिवंत राहिलंय. अंगठा कुणाचा?"

"माझा," डेलबर्ट म्हणाला. "मैदानावर हे कार्ड हातात धरून सॉसेज खात होतो. ही पहिल्यांदा शेजारी येऊन बसली, आणि मी गडबडलो."

ल्युसिलने कार्ड हातात घेतलं. बराच वेळ त्या अंगठ्याकडे पाहिलं. मग तिचा दुसरा हात पर्समध्ये गेला, रुमाल निघाला, रुमालाचं टोक जिभेला लागलं…

"नको!" आम्ही तिघे एकदम ओरडलो.

हात हवेतच थांबला. तिने रुमाल घडी करून परत ठेवला, कार्ड डेलबर्टच्या तळहातावर ठेवलं आणि माझ्याकडे वळली.

"तुम्ही कशाला ओरडता? कार्ड तुमचं आहे का?"