वेंगुर्ल्याजवळची तीन किलोमीटरची सोपी वाट आणि माझ्या वहीतली चूक

नागपूरजवळच्या कुही गावच्या माझ्या नणंदेचा, शोभाताईंचा, उजवा गुडघा बदलायची तारीख ठरली आणि त्यांनी एकच गोष्ट मागितली. ऑपरेशनच्या आधी, स्वतःच्या गुडघ्यावर, समुद्राकाठी एकदा चालायचं. माझा नवरा प्रकाश त्यांचा धाकटा भाऊ. तो आधी नाहीच म्हणाला. मग मी वही घेऊन बसले, कारण आमच्या नागपूरच्या नंदनवन वस्तीतल्या घरात सहलीचं नियोजन माझ्याकडे असतं आणि त्यात कुणी नाक खुपसलेलं मला खपत नाही. शेवटी तो म्हणाला, "तुझ्या भरोशावर पाठवून राहिलो. तिच्या गुडघ्यावर जोर पडला नाही पाहिजे."

म्हणून मी सपाट वाट शोधली. वेंगुर्ल्याजवळच्या एका पुळणीवरून निघायचं, डोंगराच्या पायथ्याचे खडक ओलांडायचे आणि पलीकडच्या छोट्या, निर्मनुष्य पुळणीवर पोचायचं. जाऊन-येऊन तीन किलोमीटर, चढ शून्य. मार्च संपत आला होता आणि नागपूरच्या माणसाला या दिवसांत एकच शत्रू दिसतो. यादीत कांदा, ग्लुकोज, दोन दुपट्टे, टोप्या, निंबूपाणी. ऊन उतरल्याशिवाय घराबाहेर पाऊल टाकायचं नाही हे आमच्या अंगात इतकं मुरलंय की वहीत मी ठळक अक्षरांत लिहिलं, "निघणे दुपारी साडेचार." पाण्याबद्दल त्या वहीत एक ओळ नव्हती, पिण्याचं सोडून.

नागपूरहून थेट कोकणात जाणारी गाडी रोज नसते, तेव्हा आधी गाडी पाहा आणि मग सुट्टी टाका. आम्ही कुडाळला उतरलो, तिथून रिक्षा केली. एका घरगुती मुक्कामात खोली घेतली होती, नाश्त्यासकट दिवसाचे पंधराशे. दुसऱ्या दिवशी दुपारी घरच्या काकूंनी बांगड्याचं तिखलं आणि भात वाढला आणि त्या शेजारच्या गावी लग्नाला गेल्या. आम्ही कुठे जाणार हे त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

निघताना ताई म्हणाल्या, "कोणाले तरी इचारून घेऊ का वं?"

"मोबाईलमध्ये सगळी वाट आहे ताई," मी म्हणाले. आता आठवलं की मला माझ्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

जाताना मात्र मजा आली, हे कबूल करायला हवं. खडक उघडे होते, ओले पण पाय ठरतील असे. ताई काठी टेकत, प्रत्येक खड्ड्यातले खेकडे बघत चालल्या. सव्वापाचला पलीकडच्या पुळणीवर पोचलो. मी चिवड्याचा डबा उघडला, सूर्यास्ताचे फोटो काढायचे म्हणून ठाण मांडलं. ताईंचं लक्ष सूर्याकडे नव्हतंच.

"सुनीता, तो काळा दगड मघा पुरा दिसत होता. पाणी वाढून राह्यलं."

"लाटा आहेत ताई. येतात अन् जातात."

ताई उठल्या. धानाच्या शेतात पाणी किती चढलं ते पाहायला खुंटी रोवतात, तशी त्यांनी आपली काठी पाण्याच्या कडेला वाळूत रोवली. मी चार फोटो काढेपर्यंत काठीभोवती पाणी आलं. ते मागे गेलं, पुन्हा आलं आणि मग मागे जाईनासं झालं.

आलो त्या वाटेवर गेलो तर वाटच नव्हती. खडकांवर लाटा फुटत होत्या. मी गुडघाभर पाण्यात शिरून पाहिलं, एका लाटेने माझी चप्पल नेली आणि मी आपटता आपटता वाचले. मोबाईलला रेंज नाही. दुसऱ्या बाजूलाही कडाच. मागे जांभ्या दगडाची उभी घसरण आणि त्यावर करवंदाच्या जाळ्या. मला रडू यायला लागलं आणि ते ताईंना दिसू नये म्हणून मी बॅग आवरत बसले.

"तू वर चढ अन् माणूस घेऊन ये," ताई म्हणाल्या. "मी बसतो इथं."

"मी तुम्हाला सोडून जाणार नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग दगडाकडे. "हे पाह्य, दगड कुठवर काळा हाये. तेथवर पाणी येते. त्याच्यावर गवत हाये, म्हणजे तिथं येत नाई. चाल, चढू."

"अन् गुडघा?"

"गुडघा तं बदलायचाच हाये."

मी खालून त्यांची टाच माझ्या तळहातांवर घ्यायची आणि त्यांनी जाळीचं खोड धरून वर सरकायचं, असं आम्ही चढलो. काटे दोघींनाही लागले. एका जागी त्यांचा पाय वळला आणि त्या ओरडल्या, एकदाच. खाली पाहिलं तेव्हा चिवड्याचा डबा तरंगत होता. वर कातळावर पोचलो तेव्हा अंधारायला लागलं होतं. रस्त्यावर काजूच्या टेम्पोवाल्याने घेतलं आणि मुक्कामी सोडलं. लग्नाहून परतलेल्या काकूंनी आमचे अवतार बघून कपाळावर हात मारला. "भरतीच्या टायमाक थंय कोण जाता?" एवढंच म्हणाल्या आणि हळद गरम करायला गेल्या.

तुम्ही जाणार असाल तर वाट सुंदर आहे, जा. पण ओहोटीची वेळ गावात विचारून जा. ती रोज पुढे सरकते. पाणी ओसरत असताना निघा आणि चढायला लागण्याआधी परत या, मग भले डोक्यावर ऊन असो.

घरी ताईंनी भावाला सांगितलं की न्हाणीघरात पाय घसरला. गुडघा इतका सुजला होता की डॉक्टरांनी ऑपरेशन आठवडाभर पुढे ढकललं. ते नीट झालं. सध्या त्या आमच्याकडेच असतात, हॉलमध्ये वॉकर घेऊन फेऱ्या मारतात. खरं काय ते कुठेही लिहायचं नाही अशी त्यांनी मला ताकीद दिली होती. पण खोटं लिहून तुम्हाला त्या वाटेवर पाठवणं मला जमेना. म्हणून काल हे सगळं लिहिलं आणि आधी प्रकाशच्या हातात दिलं.

वाचून तो उठला आणि हॉलमध्ये गेला. "माझ्याशी खोटं काहून बोलली?" त्याने ताईंना विचारलं.

ताई वॉकर धरून उभ्या होत्या. "तिनं मले तिथं एकटं सोडलं नाई," त्या म्हणाल्या. "मंग मी तिले तुझ्या पुढं एकटं काहून सोडू?"

प्रकाश माझ्याशी अजून नीट बोलत नाही. त्याचं बरोबर आहे.