दगड सकल रोव

आठवीतून शाळा सोडलेला मी कामं बदलत बदलत कोकणात नांदगावच्या बाजूला एका वाळूच्या खाणीवर येऊन पोचलो. माझं गाव घाटाच्या पार पलीकडे, तीन बसगाड्या बदलून. वाळू म्हणजे समुद्राची नव्हे. काच करायला लागते ती, जमिनीच्या पोटातली पांढरी. तिचा थर एकच, पण खाणी दोन. सगळा उतार एका मोठ्या कंपनीकडे आणि एक कोपरा काकांकडे. काका म्हणजे आमचे मालक. सहा माणसं आणि वाळू धुवायचं एक जुनं यंत्र, एवढीच आमची खाण. मला राहायला शेड दिली होती, आणि जेवायला काकी हाक मारायच्या. इतकं कुणी दिलं की मला भीतीच वाटते, आपल्या हातून काहीतरी बिघडेल म्हणून.

ते बिघडलंच. पावसाळा संपल्यावर कंपनीच्या पोकलेनने खालचा गाळ काढला, तेव्हा गाळाबरोबर दोन खाणींमधला हद्दीचा दगडही निघाला. ड्रायव्हरने तो आमच्या शेडपाशी आणून टाकला. "चुकून निघाला भावा, तुमचा तुम्ही लावा," म्हणाला आणि गेला. काका तेव्हा सावंतवाडीला होते. फोनवर म्हणाले, "दगड सकल रोव. वायच बघून रोव. मी परवा येतंय."

मला येऊन दीड महिनाच झाला होता. ऐकलं ते सकाळ. म्हणून दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता उठलो. दगड कुठून निघाला ते पाहिलं नव्हतं; खालच्या अंगाला मी कधी उतरलोच नव्हतो, तिथे कायम पाणी असायचं. वर शेडच्या मागे मात्र एक ताजा खड्डा दिसला. दगडाचीच जागा ती, असं ठरवून टाकलं. दगड रोवला, माती ठोकून घट्ट केली आणि काम लवकर उरकलं म्हणून खूशही झालो.

दुपारी काकी आल्या. "माझ्या कलमाच्या खड्ड्यात दगड रोवलंस रे, घाट्या?" काजूचं कलम लावायला त्यांनी तो खणून घेतला होता. त्या हसत होत्या, पण तेवढ्यात कंपनीचे साहेब येऊन दगडाचे फोटो काढून गेलेही होते.

काका परतले, दगड पाहिला आणि पावलं मोजत खाली उतरले. खालच्या खऱ्या जागेपासून या दगडापर्यंत चाळीस पावलांची पट्टी होती. आमची बाकीची वाळू संपत आली होती, पुढच्या वर्षीचं काम त्या पट्टीतच होतं. कंपनीचा डोळा तिच्यावर आधीपासून होता. आता त्यांनी मोजणीसाठी अर्ज केला. माझ्या दगडावर.

मोजणीच्या दिवशी कंपनीचे साहेब हेल्मेट घालून आले. फोटो दाखवत म्हणाले, "दगड यांच्याच माणसाने लावलाय. हद्द यांनीच दाखवली की."

मोजणी अधिकाऱ्यांनी मला विचारलं, "इथे लावायला कोणी सांगितलं?"

"काकांनी. म्हणाले, सकाळी लाव."

"सकाळी?" काका ओरडलेच. "अरे, मी सकल म्हटलंय! सकल!"

मग फीत धरणारा शिपाई फिसकन हसला. एवढा वेळ पुस्तकी मराठी बोलणारे अधिकारीही घसरले, "काका सकल सांगतत, आणि हो माणूस सकाळी रोवता!"

"सकल म्हणजे?" कंपनीच्या साहेबांनी विचारलं. तेही माझ्यासारखेच बाहेरचे.

"खाली, साहेब," शिपाई म्हणाला.

हसणं थांबलं तसा अधिकाऱ्यांनी माझ्यापुढे कागद सरकवला. दगड मी चुकून भलत्या जागी रोवला, असं लिहून द्यायचं होतं. हद्दीचा दगड हलवणं हा गुन्हा असतो, एवढं मला ठाऊक होतं. काकांनी लिही म्हटलं नाही, लिहू नको असंही म्हटलं नाही. ते पट्टीकडे बघत होते. मी लिहिलं. अक्षर आठवीतच राहिलेलं.

मग मोजणी हद्दीच्या उरलेल्या दोन दगडांवरून झाली. फीत खाली चिखलात जाऊन थांबली तिथे खणलं, तर हातभर खोल काळे तुकडे लागले. कोळसे. मूळ दगड रोवताना काकांच्या वडिलांनी ते खाली पुरले होते. दगड कोणीही हलवतो, कोळसा मात्र मातीत कुजत नाही.

कंपनीने हरकत लिहून दिली. ती अजून कुठल्यातरी टेबलावर पडून आहे. पण पट्टी आज आमच्याकडे आहे, आणि माझ्या कागदावरून मला कुणी बोलावलं नाही.

तो दगड काकांनी मलाच खाली नेऊन रोवायला लावला. "समाजला नाय तर इचारूचा रे," एवढंच बोलले. त्या दिवसापासून माझ्याशी मात्र ते जपून बोलायचे. "खाली ठेव," "खाली उतर," एकेक शब्द सुटा, कचेरीत बोलावं तसा. ते मला दगडापेक्षा जड वाटायचं. आपण परके, हे त्यातून रोज कळायचं.

पुढच्या पावसाळ्यात एकदा मी जेवायला भिजून आलो आणि दारातच घुटमळलो. काका ताटावरून मान वर न करता म्हणाले, "उभो कित्याक? सकल बस. जेवान निवता."

मी बसलो.