बाबांचंही असंच होतं

मुलाचा आवाज फुटला तेव्हा तो पाचवीत होता. साडेदहा वर्षांचा. आधी मला वाटलं घसा बसला, म्हणून आठवडाभर हळदीचं दूध पाजलं. मग एका सकाळी उजेडात त्याच्या ओठावरची काळी रेघ दिसली. वर्गातली मुलं त्याला ‘काका’ म्हणतात, हे मला त्याच्याकडून नाही, शेजारणीच्या मुलीकडून कळलं. इंदिरानगरच्या बागेत खेळायला जाणं त्याने सोडलं होतं. शाळेतून आला की गॅलरीत एकटा बसायचा.

डॉक्टरांनी तपासलं, हाताचा एक्स-रे काढला. काळजीचं काही नाही, म्हणाले. आपल्या वेळेपेक्षा मुलं हल्ली लवकर वयात येतात, शिवाय हे घराण्यातही असतं. मग त्यांनी विचारलं, वडिलांना मिसरूड केव्हा फुटली होती? नवरा जाऊन चार वर्षं झाली. त्याआधी नऊ वर्षं संसार केला. त्याला चहात किती साखर लागते, कोणत्या कुशीवर झोप लागते, सगळं मला पाठ. हे मात्र कधी विचारलंच नव्हतं. असलं विचारतं कोण? तरी सांगता येईना याची मला लाज वाटली.

ठाऊक असलं तर माझ्या थोरल्या जावेला. ती लग्न होऊन हरसूलच्या घरी आली तेव्हा माझा नवरा तेरा वर्षांचा होता आणि सासूबाई आधीच गेलेल्या. फोनवर कसं बोलायचं, म्हणून रविवारी मुलाला घेऊन एसटीत बसले. कंडक्टरला म्हटलं, दोन हाफ. बायकांना हल्ली अर्धंच तिकीट, तेव्हा माझ्याबद्दल त्याची तक्रार नव्हती. पण हा कुठून हाफ, म्हणून तो मुलाकडे बघून हसला. मी आधार कार्ड काढून त्याच्या नाकासमोर धरलं आणि त्याला चांगलं खडसावलं. भांडण मी जिंकले. पण अख्खी बस वळून आमच्याकडे बघत होती आणि पोरगा खिडकीकडे तोंड करून बसला होता.

त्र्यंबकच्या पुढे घाट लागला तरी तो वळेना. मला राहवलं नाही. म्हटलं, "अरे, बाबांचंही असंच होतं. तू त्यांच्यावरच गेलायस."

त्याने वळून पाहिलं. खरंच का, पाचवीतच का, म्हणून विचारलं. मी हो म्हटलं. किती दिवसांनी तो हसला! मग वाटभर बाबांबद्दल विचारत राहिला आणि मी एकावर एक थापा मारत गेले. तेच खरं निघेल, अशी मला वेडी आशा होती.

जाऊ चुलीपुढे नागलीची भाकरी थापत होती. मुलगा बाहेर ओट्यावर आहे असं बघून मी हळूच विषय काढला. तिला हळू बोलणं माहीत नाही.

"त्याचं कुठं लवकर? लय उशिरा. दहावी झाली तरी गाल गुळगुळीत, आवाज पोरीवानी. पोरं चिडवायची, तर नदीवर अंघोळीला जायचा नाय. एकदा भावाचा वस्तरा घेऊन कोरडाच फिरवला, गाल कापून घेतला. मला म्हणला, वहिनी, मी असाच राहणार हाय का?"

त्याच्या गालावरची ती बारीक खूण मी नऊ वर्षं पाहिली होती. सायकलवरून पडलो, असं त्याने मला सांगितलं होतं.

मागे वळले तर दारात मुलगा उभा होता. पाणी मागायला आला होता. त्याने सगळं ऐकलं होतं.

परतीच्या बसमध्ये तो माझ्या शेजारी बसला. मग त्या जाड आवाजात म्हणाला, "तू खोटं का बोललीस?"

"तुला एकटं वाटू नये म्हणून."

"आणि बाबांनी तुला हे कधीच सांगितलं नव्हतं?"

"नाही रे."

त्याने ओठावरच्या रेघेवरून बोट फिरवलं.

"मीपण नसतं सांगितलं," तो म्हणाला, आणि पुढची सीट रिकामी झाली तसा तिकडे जाऊन बसला.