बेंदराला कुणीच आलं नाही

माझ्या बापाला पाव्हणचारानं मारलं.

इतकी वर्षं हे कुठं बोललो नव्हतो. आज बेंदूर, आमच्याकडचा बैलपोळा. सगळ्यांच्या स्टेटसला रंगवलेली बैलं बघितली आणि राहवलं नाही.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आमचे आप्पा मिलिटरीतून रिटायर झालेले. गावी, कुंडलला, उसाला पाणी पाजताना आडवे झाले. अंगावरून वारं गेलं. लकवा.

सांगलीत एका दवाखान्यात आयसीयूत ठेवलं. मी कराडला इंजिनिअरिंगला होतो, जाऊन-येऊन असायचो.

शुद्ध नव्हती. नाकातून नळी. त्यातून दूध, पेज कशी सोडायची ते सिस्टरनं आईला शिकवलेलं.

आणि ती शुगर! सकाळी बरी, संध्याकाळी भडकलेली. रोज तेच.

डॉक्टर चक्रावले. "अशी वर-खाली होत राहिली तर मेंदूला सोसणार नाही," म्हणाले. इन्सुलिन वाढवत नेलं.

आमच्याकडं आजारी माणसाला कुणी रिकाम्या हातानं भेटत नाही. कुणी शहाळं आणायचं, कुणी उसाचा रस. मावशीनं तर काकवीची बाटली आणलेली.

आई प्रत्येकाच्या नावानं घोटभर नळीतून सोडायची.

बेंदराच्या दिवशी गावातून कुणीच आलं नाही. सगळी बैलं धुण्यात गुंतलेली.

इन्सुलिन मात्र रोजच्यासारखं गेलं.

दुपारी आप्पा घामानं निथळायला लागले. शुगर पार तळाला. धावाधाव करून ग्लुकोज दिलं. शुगर वर आली, पण तासाभरात आप्पा गेले.

डॉक्टरांनी आईला विचारलं, "नळीतून अजून काय देत होता?"

आईनं सगळं सरळ सांगून टाकलं.

"आवं, माणसं लांबनं आणत्यात. न्हाई कसं म्हणायचं? त्यास्नी काय वाटंल?"

डॉक्टरांनी इन्सुलिनचा कागद पुन्हा वाचला. मग म्हणाले, "लकव्याचा अटॅक मोठाच होता. नक्की कशानं गेले, मी सांगू शकत नाही."

मला आईवर चिडायचं म्हटलं तरी चिडता येईना.

संध्याकाळी सगळा गाव दवाखान्यात आला. शिंगांचा रंग हाताला तसाच.

काकांना आप्पा गेल्याचं कळलंच नव्हतं. हातात दोन शहाळी घेऊन ते दारात उभे.

"बैलं होती रं," म्हणाले, "न्हाईतर सकाळीच येणार हुतो."

आप्पा, बेंदूर आला की तुमची लय आठवण येते.

नमस्कार करतो.