खेकड्याचे दात पोटात असतात

मला एक खोड आहे. समोरचा गप्प बसला की मी त्याला काहीतरी माहिती देतो. माकूल नावाच्या समुद्री जिवाला तीन हृदयं असतात, केळीचं झाड मुळात झाडच नाही, काजू आणि आंबा एकाच कुळातले चुलतभाऊ, असलं काहीबाही. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो म्हणून तिथे खपून जातं. घरी बायको म्हणते, "तुला भूक लागली की पोटात ज्ञान ओरडतं."

ती कोकणातल्या आंजर्ल्याची, मी घाटावरचा. लग्न आम्ही परस्पर ठरवलं, ते तिच्या वडिलांना रुचलं नाही. सगळी नोकरी बोटीवर केलेला माणूस. भांडले नाहीत, फक्त जेवले नाहीत. डोळे तपासायला रत्नागिरीला यायचे, आमच्याकडे तासभर टेकायचे आणि "बहिणीकडे जेवलोय" म्हणून दुपारची एसटी गाठायचे. मला 'सर' म्हणायचे. तीन वर्षं हे चाललं. दर वेळी त्यांना पोचवून आल्यावर बायको वाढलेलं ताट झाकून ठेवायची. मला ते अजिबात बघवायचं नाही.

मग एका बुधवारी त्यांचा फोन आला. बहीण गावाला गेली होती, तेव्हा जेवायला येतो म्हणाले. मी रजा टाकली आणि सकाळीच मिरकरवाड्याच्या मासळीबाजारात गेलो. म्हटलं, आज सासऱ्यांना कुर्ल्या, म्हणजे खेकडे खिलवायचे, तेही चांगले तळहाताएवढे.

नेहमीच्या कोळीण मावशींनी टोपलीवर हात आडवा धरला. "सर, आज कुर्ल्या नको. काल पुनव झाली. पोकळ गावतील. भरलेल्या अवसेला गावतात. सौंदाळे न्या."

मला वाटलं, हिला सौंदाळे खपवायचे आहेत. मी हसून म्हटलं, "मावशी, खेकडा पायांनी चव घेतो, ठाऊक आहे?"

"मगे त्यालाच इचारा, चव कशी हाय ती."

आजूबाजूच्या बायका हसल्या. मी हट्टाने सहा मोठ्या कुर्ल्या घेतल्या. चंद्राचा आणि खेकड्याच्या मांसाचा संबंध मी शिकवत असलेल्या पुस्तकात कुठेच नव्हता.

बायकोने पिशवी उघडली आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. "काल पौर्णिमा होती," एवढंच म्हणाली. पहिली कुर्ली फोडून तिने माझ्यासमोर धरली, आत पोकळ होती. दुसरं काही आणायला वेळ नव्हता, वडील रिक्षातून उतरत होते. तिने बारीक पाय वाटून त्यांचा रस गाळून घेतला, खोबऱ्याचं वाटप घातलं आणि कालवण उकळत ठेवलं. वास तरी झकास सुटला.

पानं वाढली. सासऱ्यांनी सगळ्यात मोठा डेंगा, म्हणजे खेकड्याची नांगी उचलली, दाताखाली कडकन फोडली. आतून पाणी आलं. त्यांनी दुसरा फोडला. तिथेही पाणी. बायको भाताच्या पातेल्यात बघत राहिली. घरात कोणी बोलेना.

अशा वेळी माझी खोड उफाळून येते.

"खेकड्याचे दात पोटात असतात," मी म्हणालो. "तोंडाने तो नुसते तुकडे करतो, चावतो पोटात."

सासऱ्यांनी डेंगा ताटात ठेवला. "दात पोटात. बरं. आणि मांस?"

लाज वाटली, पण खरं सांगून टाकलं. मावशी नको म्हणत होत्या, मी ऐकलं नाही, तुम्हाला मोठ्या खिलवायच्या होत्या.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग त्यांचे खांदे हलायला लागले. डोळ्यांत थेंब घालून आलेला तो माणूस इतका हसला की सगळं औषध गालावर आलं. "घाटावरचा तो घाटावरचाच," असं म्हणत त्यांनी भातावर कालवण ओतून घेतलं, मग आणखी एकदा घेतलं. पाटावरून उठले तेव्हा ताटात फक्त कवचं उरली होती. बायको मोरीशी उभी राहून उगाचच नळ चालू-बंद करत होती.

चपला घालताना ते दारात थांबले.

"जावईबापू, अमावास्येला परत येतो," ते म्हणाले. "कुर्ल्या मी आणीन. तुम्ही आणू नका."