सावलीची जागा

गोदाकाकू गेल्याचा निरोप वलगावहून आला तेव्हा आई अमरावतीच्या बाजारात वांगी मांडत होती. तिनं बसल्या जागी हंबरडा फोडला. त्याला महिना होत आला, पण लिहायला मला धीर होत नव्हता...

माझा धाकटा भाऊ बापू जन्मला तोच वाकड्या मानेनं. डोकं उजव्या खांद्याकडं कललेलं, तोंड कायम डावीकडं. आजी म्हणे, नजर लागली. आमच्या समोर फुलं विकणाऱ्या गोदाकाकूनं मात्र ते बघताक्षणी ओळखलं, कारण तिची स्वतःची मानही जन्मापासून तशीच होती. लहानपणी कुणी इलाज केला नव्हता. तिनंच हट्टानं आईला अकोल्याच्या डॉक्टरांकडं नेलं. ते म्हणाले, मानेचा स्नायू आखडलाय; रोज हळूहळू ताणा, पोराला आपणहून उजवीकडं बघू द्या, नाहीतर पुढं कापावा लागेल. काकूच्या वयात मात्र नुसतं ताणून भागणार नव्हतं, शस्त्रक्रियाच हवी होती. ती हसली. "सरळ केली तं मले जगच वाकडं दिसन."

ताणायला आई लगेच शिकली. पण बाजारात दिवसभर बापू आमच्या जागेवर निजे. त्याच्या उजवीकडं भिंत, डावीकडं आई आणि सगळी वर्दळ. तो उजवीकडं कशाला बघतो! उलटं निजवावं तर डोकं उत्तरेला येई, आणि आजीपुढं ते बोलायची सोय नव्हती. तीन महिने असेच वाया गेले. मग एका सकाळी काकू टोपली घेऊन आमच्याकडं आली.

"पोराले नका फिरवू. तुमी तिकडं बसा, मी इकडं बसतो."

समोर तिच्या भिंतीला दुपारी सावली असे, आमच्याकडं ऊन थेट तोंडावर. फुलांच्या धंद्यात सावली गेली की संपलंच. बिचारी दुपारभर शेवंतीवर पाणी शिंपडत राही. इकडं नव्या जागी भिंत डावीकडं आली, तसा बापू आईला शोधत उजवीकडं वळू लागला, आणि वर्षाच्या आत त्याची मान सरळ झाली. तिचे उपकार फिटायचे नाहीत.

आणि खरं सांगू? आम्ही ती जागा परत केलीच नाही. गिऱ्हाईक त्या जागेला सरावलं होतं. आज देऊ, उद्या देऊ... अठरा वर्षं गेली. काकूनं एकदाही मागितली नाही. उलट बापू दिसला की मुद्दाम त्याच्या उजव्या अंगानं येऊन हाक मारी.

परवा तिची सून पहिल्यांदाच फुलं घेऊन आली आणि मुकाट्यानं उन्हात बसली. बापू उठला. तिची टोपली त्यानं आमच्या भिंतीशी आणून ठेवली आणि आमची वांगी उन्हात नेली. ती गोंधळून आईला विचारू लागली, काहून म्हणून.

"ही तुह्या सासूची जागा हाय, बाई," आई म्हणाली. "आमीच उठलो नाई."