लोर्नाने सोडलेला हँडब्रेक

माझी शेजारीण लोर्ना सत्तर वर्षांची. आयुष्यभर शाळेची बस चालवली, आता मोटारहोममध्येच राहते. हिवाळा इथे अ‍ॅरिझोनात, मोटारहोमवाल्यांच्या आमच्या तळावर काढते आणि उन्हाळ्याआधी एकटीच मोन्टानाला जाते. मुलाने यंदा बजावलं होतं, "आई, पुन्हा रस्त्यात काही झालं, तर ते धूड विकायचं आणि माझ्याकडे राहायचं."

निघायच्या सकाळी तिने मोटारहोममागे डॉली, म्हणजे दुसरी गाडी ओढून न्यायचा दोन चाकांचा गाडा, जोडली. आपल्या छोट्या मोटारीची पुढची चाकं तिच्यावर चढवून पट्ट्यांनी आवळली. मागची चाकं रस्त्यावर फिरतात, म्हणून हँडब्रेक सोडून ठेवला. समोर राहणाऱ्या ड्वाइटने विचारलं, "जमतंय ना लोर्ना? की पुरुषमाणूस लागेल?" ती पट्ट्या पुन्हा तपासत राहिली. गाडी जोडणाऱ्याशी बोलायचं नाही, लक्ष उडून काहीतरी राहून जातं, हा इथला रिवाज.

तासाभरात ती मोटारहोम रस्त्याकडेला सोडून, छोटी मोटार धडधडवत परत आली. मागचे टायर घासून गेले होते.

"माझा हँडब्रेक कुणी ओढला?"

"मीच," ड्वाइट म्हणाला. "तू तुझ्या या शेजारणीचा निरोप घ्यायला गेलीस तेव्हा. लावायचा विसरली होतीस ना तू."

"विसरले नव्हते. मागून धूर निघत होता, ड्वाइट."

"अगं, भल्यासाठीच केलं."

माझंही डोकं तापलं. लोर्नाने फोन त्याच्यापुढे धरला.

"हे माझ्या मुलाला सांग. आत्ता, माझ्यासमोर. आणि आधी स्वतःचं नाव सांग."

ड्वाइटने मान खाली घालून फोन घेतला.